हात मागे बांधलेल्या सिस्टर

माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आणि त्यानंतरही ते चार वर्षांहून अधिक काळ नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या माणसांत जगले. याचं श्रेय द्यायचं तर पुष्कळांना द्यावं लागेल. निदान वेळेत सांगणारे डॉक्टर, पोटात नळी बसवणारे सर्जन, औषधाच्या दुकानातला मुलगा, शेजारच्या आंटी. पण ऋण म्हटलं की ज्यांचं नाव मनात सगळ्यांत आधी येतं त्या एक नर्स आहेत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही. आमच्या घरात सगळे त्यांना नुसतं ‘सिस्टर’ म्हणत, अजूनही म्हणतात.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एम्प्रेस मिलच्या हिशेब खात्यात होते. मिल गेली, नोकरी गेली, पण हिशेबाची शिस्त अंगात राहिली. मधुमेह जुना. हृदय आधीपासूनच कमकुवत. २०११ सालच्या पावसाळ्यात पायांवर सूज चढली, जेवण जाईना, रात्री आडवं झालं की दम लागायचा. तपासण्या झाल्या आणि क्रिएटिनिनचा आकडा पाहून डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांनाच आत बोलावलं. सुरुवात रक्ताच्या डायलिसिसनं झाली. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस चार तास. यंत्रावर रक्त फिरू लागलं की बाबांचं बीपी खाली यायचं, घाम सुटायचा, पायांत गोळे यायचे. घरी आणल्यावर तो दिवस आणि पुढची सकाळ नुसती पडून जायची. हृदयाला हे झेपणार नाही, असं डॉक्टरांनीच लवकर सांगितलं. किडनी बदलणं वयामुळे आणि हृदयामुळे बादच होतं. मग ते म्हणाले, “पोटाचं डायलिसिस करून पाहू. पण ते घरी करावं लागतं. घरात करणारं माणूस पाहिजे.”

घरात माणूस म्हणजे कोण? माझे पती कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर जात. सासूबाईंना नळी पाहूनच घेरी यायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते, सकाळच्या पाळीत. बारापर्यंत घरी परत. हिशेब तिथेच संपला.

उपचार सांगायला सोपा आहे. पोटाच्या आत आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असतं आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बेंबीशेजारून बसवलेल्या मऊ नळीतून दोन लिटर निर्जंतुक, साखर घातलेलं पाणी पोटात सोडायचं आणि चार ते सहा तास तसंच ठेवायचं. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम त्या अस्तरातून झिरपून पाण्यात उतरतं. साखर अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेते. मग ते पाणी काढून टाकायचं आणि नवं भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, रोज, दिवाळीलासुद्धा. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. भरलेली बॅग वर टांगली की पाणी आत जातं, रिकामी बॅग जमिनीवर ठेवली की पाणी बाहेर येतं. पलंगावर पडून माणूस पेपर वाचू शकतो.

अवघड आहे ते एकच. नळी उघडण्याच्या त्या काही क्षणांत जंतू आत गेला तर थेट पोटात जातो. म्हणून सगळा उपचार शेवटी एका माणसाच्या दोन हातांवर येऊन ठेपतो. आणि ते हात कोणीतरी घडवावे लागतात.

सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चहा नाकारला आणि आधी खोल्या पाहायला मागितल्या. आमचं घर रेसिडेन्सी रोडवरून मंगळवारी बाजाराकडे आत वळलं की लागणाऱ्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मंगळवारी बाजार भरला की धूळ आणि आवाज दोन्ही घरात. सिस्टरनी समोरची मोठी खोली नापसंत केली आणि मागची लहान खोली निवडली. पडदे काढायला लावले, गादीखालची जुनी ट्रंक हलवली, भिंतीत वर एक खिळा ठोकायला सांगितला, बॅग टांगायला. मग मला बसवून हात धुवायला शिकवलं. मी मनात म्हटलं, हात धुवायला काय शिकायचं? त्यांनी माझ्या हातांना तेलात कालवलेलं कुंकू चोळलं आणि म्हणाल्या, “आता धुवा. नखात, बोटांच्या बेचक्यात कुठंच दिसलं नाही पाहिजे.” पहिल्या खेपेस अंगठ्याच्या मुळाशी लाल राहिलंच होतं. जंतू दिसत नाहीत, कुंकू दिसतं. त्या एका खेपेत मला जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकातून कळलं नसतं.

नंतर त्यांनी पिशवीतून एक कापडी एप्रन काढला. त्याला पोटाच्या जागी खरीखुरी नळी शिवलेली होती. तो एप्रन माझ्या पतीला घालून मला त्यांच्यावर सराव करायला लावला. मास्क बांधायचा. पंखा बंद, खिडकी बंद, दार लावून घ्यायचं. बॅगचं बाहेरचं वेष्टण फाडायचं, बॅग दाबून पाहायची, गळते का. लेबल वाचायचं: साखर किती, मुदत कधीपर्यंत. जोडायचं. आधी पोटातलं पाणी बाहेर. मग थोडं नवं पाणी नळीतून वाहू द्यायचं, म्हणजे नळीतली हवा आणि जोडताना शिरलं असेल ते सगळं खालच्या बॅगेत निघून जाईल. मग आत भरायचं. मग चिमटा, मग नवं टोपण. टोपणाच्या आत जंतुनाशकाचा ओला स्पंज असतो. जुनं टोपण पुन्हा कधीही लावायचं नाही.

हे सगळं चालू असताना सिस्टर भिंतीला टेकून उभ्या राहत, दोन्ही हात मागे बांधून. माझे हात अडखळत, चिमटा उलटा लागे, तरी त्या पुढे येत नसत. एकदा मी वैतागून म्हटलं, “सिस्टर, जरा तुम्हीच दाखवा ना करून.” त्या म्हणाल्या, “ताई, रात्री दहा वाजता मी इथं राहणार आहे काय? करा. घाई काहून करून राहिल्या? मी उभी आहे ना.” शिकवण्याचा पेशा माझा. वर्गात मुलाचं उत्तर अडलं की मी पटकन सांगून मोकळी होत असे. कुणावर तरी विश्वास ठेवून गप्प उभं राहणं ही केवढी मोठी शिकवणूक असते, हे मी त्या लहान खोलीत पाहिलं. मी आज जशी शिकवते त्यातला चांगला भाग सिस्टरांकडून आलेला आहे.

आणखी एक अवघड गोष्ट त्यांनी सहज करून टाकली. सासऱ्यांचं पोट उघडं पाहायचं, नळीभोवतीची जागा रोज पुसायची, हे सुनेनं करायचं म्हणजे बाबांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. ते मान भिंतीकडे वळवून पडायचे. सिस्टरनी त्यांच्यासमोरच मला म्हटलं, “ताई, ही खोली बंद झाली की तुम्ही सून नाही. नर्स आहात.” आणि बाबांना म्हणाल्या, “बाबा, नर्सला लाजायचं नाही. दुखलं तर सांगायचं.” दुसऱ्या आठवड्यात बाबांनी मान माझ्याकडे वळवली. “बेटा, आज पाणी हळू येऊन राहिलं,” असं स्वतःहून सांगू लागले. सासूबाईंनाही सिस्टरनी काम दिलं. नळी हलू नये म्हणून कमरेला बांधायचे सुती पट्टे, जुन्या मऊ लुगड्यांचे, आतल्या बाजूला खिसा असलेले. ज्या बाईला नळी पाहून घेरी येत होती, ती नळीच्या मापाचे खिसे शिवू लागली.

बॅगा तीन ताकदींच्या येतात, साखरेच्या प्रमाणावरून: दीड टक्का, अडीच टक्के, सव्वाचार टक्के. आम्ही टोपणाच्या रंगावरून पिवळी, हिरवी, लाल म्हणायचो. सूज नसेल तर पिवळी. वजन वाढलं, पाय दाबल्यावर खळगा पडला, तर हिरवी. लाल क्वचित, कारण ती पाणी जोरात ओढते आणि साखरही रक्तात जास्त जाते. बाबांच्या इन्सुलिनचा डोस त्यावरून बदलावा लागे. रोज सकाळी वजन, बीपी. बाहेर आलेली बॅग ताणकाट्याला लावून किती भरली ते पाहायचं. हे लिहून ठेवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. फुलस्केप वही, तांबडी समास-रेघ, आत किती, बाहेर किती, फरक किती, शेरा. मिलच्या वह्यांत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मालाची आवक-जावक लिहिली होती. आता स्वतःच्या शरीराची लिहू लागले. महिन्याच्या तपासणीला डॉक्टर आधी वही बघत, मग पेशंट.

नागपूरचा उन्हाळा या उपचारात काय करतो, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. घरात कूलर दिवसरात्र. पण बॅग बदलायच्या वेळी कूलर बंद करावाच लागतो, कारण कूलर बाहेरची हवा आणि धूळ आत ढकलतो. बंद खोली, बंद पंखा, तोंडावर मास्क आणि अर्धा तास. घाम कोपरापर्यंत ओघळायचा आणि बोटांवर येऊ द्यायचा नाही. हिवाळ्यात बॅग अंगाइतकी कोमट करून घ्यावी लागते, नाहीतर पोटात थंड पाणी शिरून पेशंट कुडकुडतो. उन्हाळ्यात उलट चिंता, खोकी तापलेल्या भिंतीपासून दूर ठेवायची. आणि तहान. लघवी जवळजवळ थांबलेली, म्हणून दिवसभरात पाणी मोजून प्यायचं, तेही नागपूरच्या मेमध्ये. बाबांसाठी आम्ही लहान बर्फाचे खडे करून ठेवत असू. एक खडा तोंडात, बराच वेळ. सिस्टरनीच सांगितलेली युक्ती.

एक सुख मात्र या उपचारानं परत आणलं. रक्ताच्या डायलिसिसवर असताना पोटॅशियमच्या भीतीनं संत्रं बंद होतं. नागपूरच्या माणसाला संत्रं बंद! पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटॅशियम रोज थोडं थोडं बाहेर पडत राहतं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात होती. बाबांनी दोन फोडी सोलून, बी काढून, डोळे मिटून खाल्ल्या आणि वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘संत्रे २ फोडी’ असं लिहिलं.

पोटाच्या पाण्याबरोबर अंगातली प्रथिनंही रोज वाहून जातात, म्हणून या पेशंटला प्रथिनं जास्त द्यावी लागतात. सिस्टर म्हणाल्या, अंड्याचा पांढरा भाग रोज द्या. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिजलं नव्हतं. सासूबाई गप्प बसल्या; त्यांना नाहीही म्हणवेना, होही म्हणवेना. आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या ख्रिस्ती आंटींनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दारावर टकटक आणि झाकलेल्या ताटलीत उकडलेल्या अंड्यांचे पांढरे, मिठाशिवाय. रविवारी त्या चर्चला लवकर जात, त्या दिवशी जाण्याआधीच ताटली यायची. पैसे द्यायचं सासूबाईंनी एकदा सुचवलं, तर आंटी दोन दिवस बोलल्या नाहीत. ताटली मात्र त्या दोन दिवसांतही येत होती. त्या आंटीही आता नाहीत. त्यांचं हे देणं कुठल्या वहीत लिहायचं राहिलं, म्हणून इथे लिहिते.

एकदा संध्याकाळची बॅग चालू असताना बाबांनी सिस्टरांना विचारलं, “हे डोकं कोणाचं?” सिस्टर हसल्या. “मला नाही माहीत बाबा. ताई शोधून देतील.” मी शोधलं, आणि रोज थोडं थोडं बाबांना वाचून दाखवलं.

सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येईल अशी नळी बसवली, आणि किडन्या गेलेला माणूस पुन्हा पुन्हा डायलिसिस घेऊन जगू शकतो हे सिद्ध झालं. पण यंत्रं मोजकी आणि रोगी फार. तिथल्या केंद्रात कोणाला घ्यायचं हे ठरवायला नागरिकांची समिती बसवावी लागली. समितीनं एका शाळकरी मुलीला नाकारलं. तेव्हा अल्बर्ट बॅब या अभियंत्यानं आपल्या सहकाऱ्यांना घेऊन तिच्यासाठी घरी चालेल असं यंत्र तयार केलं आणि १९६४ मध्ये तिचं डायलिसिस घरी सुरू झालं. म्हणजे घरचा उपचार ही चैन म्हणून आली नाही. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून आली. बाबांना ही गोष्ट फार लागली. “मुलीला नाही म्हटलं?” एवढंच ते दोनदा म्हणाले.

त्याच सिएटलमध्ये डॉ. हेन्री टेंकहॉफ पोटाच्या डायलिसिसवर काम करत. सुरुवातीच्या काळात ते स्वतः रुग्णाच्या घरी जाऊन दर वेळी नव्यानं पोटात नळी घालत. पुढे १९६८ मध्ये त्यांनी कायम ठेवायची मऊ नळी सिद्ध केली. बाबांच्या पोटात होती ती तीच, त्यांच्याच नावाची. मग १९७६ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनचे अभियंते पोपोविच आणि डॉक्टर मॉनक्रीफ यांनी मांडलं की दोन लिटर पाणी पोटात ठेवून दिवसातून काही वेळा बदललं तर यंत्राची गरजच नाही. त्यांचा तो पहिला निबंध परिषदेनं परत पाठवला होता. त्यांच्याकडे पाणी काचेच्या बाटल्यांतून यायचं, टोरंटोचे डॉ. ओरिओपोलस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या आणि मग हे कोणाच्याही घरात शिरण्याजोगं झालं. भारतात ही पद्धत १९९१ मध्ये आली. बाबांनी वहीच्या शेवटच्या पानावर ही सगळी नावं देवनागरीत लिहून घेतली. त्यात त्यांनी आपल्याकडून एक नाव वाढवलं: जयप्रकाश नारायण.

ते नाव मला सुचलं नसतं. आणीबाणीत कैदेत असताना जेपींच्या किडन्या गेल्या. १९७५च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईला जसलोकमध्ये आणलं, डॉ. एम. के. मणी यांनी त्यांच्यावर उपचार केले. पुढे लोकवर्गणीतून डायलिसिसचं यंत्र घेतलं गेलं आणि पाटण्याच्या घरी त्यांचं डायलिसिस होत राहिलं. ८ ऑक्टोबर १९७९ ला ते गेले, तेही पाटण्यालाच. त्या काळात मिलच्या फाटकाशी बाबा आणि त्यांचे सोबती पेपरात जेपींच्या तब्येतीची बातमी आधी वाचत. “एवढ्या मोठ्या माणसाला घरी डायलिसिस द्यायला देशाला वर्गणी काढावी लागली,” बाबा म्हणाले, “आणि मला इथं सदरमध्ये, खिळ्याला बॅग टांगून.” त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं आणि कृतज्ञताही.

पण वर्गणीची गरज आमच्या वेळेपर्यंतही संपलेली नव्हती, हे मी स्पष्ट सांगायला हवं. बॅगांचा खर्च महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात जात होता. मिलच्या कामगाराला पेन्शन ती काय! आमच्या दोन पगारांतला एक जवळजवळ तिकडेच जाई. विमा कंपनीनं दावा फेटाळला, कारण पेशंट दवाखान्यात भरती नव्हता. घरी राहून बरा होता, हाच त्याचा दोष ठरला. सरकारी योजनांचं लक्षही बहुतकरून यंत्रावरच्या डायलिसिसकडे राहिलं. २०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्ह्या-जिल्ह्यांत यंत्रं बसू लागली, आणि ते मोठंच काम आहे. पण पोटाच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना यायला २०१९ उजाडलं. हाँगकाँगनं १९८५ पासून धोरणच असं ठेवलं की आधी पोटाचं डायलिसिस, ते शक्य नसेल तर यंत्र. गडचिरोली-गोंदियाच्या माणसाला आठवड्यातून तीनदा नागपूरला येण्यापेक्षा महिन्यातून एकदा खोकी पोचवणं किती सोपं, हे कळायला परिषदा भरवाव्या लागत नाहीत.

खोक्यांवरून आठवलं. ती आणून देणारा माणूस अंगानं किडकिडीत होता आणि आमचा जिना अरुंद. एकेक खोकं खांद्यावर घेऊन तो दुसरा मजला चढायचा आणि वर आल्यावर नुसतं टाकून जायचा नाही. मुदत आधी संपणारी खोकी पुढे आणि नंतरची मागे, अशी लावून द्यायचा. हे त्याला कोणी सांगितलं होतं, तर सिस्टरनी.

एका रात्री दहाची बॅग काढली आणि बाहेर आलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. बाबांचं पोट दुखत होतं, अंग तापलेलं. सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, गढूळ पाणी म्हणजे पोटात जंतू, थांबायचं नाही. फोन लावला. त्यांचा आवाज झोपेतला होता, पण शब्द स्वच्छ होते. “ती बॅग फेकू नका. चिमटा लावून सोबत घ्या. डॉक्टरांना मी फोन करते. तुम्ही निघा.” बॅगेतलं पाणी तपासायला गेलं, अँटिबायोटिक बॅगेतूनच पोटात सोडायचं ठरलं. भरतीचे दिवस संपल्यावर उरलेला कोर्स घरी झाला आणि तेव्हा सिस्टर रोज जरीपटक्याहून स्कूटीनं येत. औषध बॅगेत टोचून घालायचं काम तेवढं त्यांनी स्वतः केलं. एके दिवशी मला सगळी क्रिया पहिल्यापासून करून दाखवायला लावली आणि शेवटी म्हणाल्या, “काही चुकत नाहीये, ताई. होते असं कधी कधी. मन खाऊ नका.” त्या दिवसांत मला झोप लागली ती त्या एका वाक्यामुळे. घरी उपचार करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर केवढं ओझं असतं ते दवाखान्यात बसून दिसत नाही. ते उतरवायला कोणी घरीच यावं लागतं.

या उपचारानं बाबांना प्रवासही परत दिला. त्यांना शेगावला जायचं होतं. गजानन महाराजांचं दर्शन राहून गेलंय, हे पालुपद घरात रोज. सिस्टरनी नको म्हटलं नाही. यादी करून दिली. किती बॅगा, किती टोपणं, मास्क, हात धुवायचा साबण, एस आकाराचा आकडा, टॉर्च. भक्तनिवासाच्या खोलीत खिडकीच्या गजाला आकडा अडकवून मी बॅग लावली. मध्येच वीज गेली, टॉर्च सासूबाईंनी धरला. पाणी आपल्या वेगानं उतरत राहिलं. सकाळी दर्शनाच्या रांगेत बाबा उभे राहिले तेव्हा सदऱ्याखाली पोटात दोन लिटर पाणी होतं आणि शेजारच्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

हा उपचार सगळ्यांना चालतो असं नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना, हर्निया असलेल्यांना अडचण येते. वर्षं जातात तसं पोटाचं अस्तर थकतं, पाणी कमी ओढतं. बाबांचंही चौथ्या वर्षी तसं होऊ लागलं होतं. पण त्यांना नेलं ते हृदयानं. २०१५ च्या डिसेंबरात, पहाटे, घरी. आदल्या रात्रीच्या बॅगेची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे.

तेराव्यानंतर सिस्टर आल्या. खोलीत न उघडलेली खोकी रचलेली होती. चार वर्षांत त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नव्हतं. साडी दिली ती परत केली होती, दिवाळीचा डबा तेवढा ठेवून घेत. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं: बाबांच्या वह्या. “नव्या पेशंटना दाखवायला. माझं सांगणं त्यांना कठीण वाटते. हे पाहिलं की वाटते, एका म्हाताऱ्या माणसाला जमलं, आपल्यालाही जमेल.” एक वही सासूबाईंनी ठेवून घेतली, बाकीच्या दिल्या. खोकी कळमेश्वर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे गेली. घरचा कर्ता तरुण, बायको विशी-बाविशीची. सिस्टर मला सोबत घेऊन गेल्या. तिथे त्या फार बोलल्या नाहीत. त्या मुलीनं मला विचारलं, “ताई, पहिल्या दिवशी तुम्हाला भीती वाटली होती का?” मी म्हटलं, खूप. मग आम्ही दोघींनी मिळून हात धुतले.

त्यानंतर अशा आणखी काही घरी जाणं झालं. सिस्टर बोलावतात तेव्हा जाते. सिस्टरांचं माझ्यावरचं ऋण यानं फिटतं असं मी मानत नाही, आणि ते फिटावं अशी इच्छाही नाही. त्यांच्या कामाला मात्र मान आणि मोल दोन्ही मिळायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. बॅगेची किंमत सरकार ठरवू शकतं, योजनेत बसवू शकतं. त्याच ओळीत घरी जाऊन शिकवणाऱ्या, रात्री फोन उचलणाऱ्या नर्सचा पगारही बसला पाहिजे. तिच्याशिवाय बॅगा म्हणजे नुसतं पाणी.

तुमच्या घरी कोणाच्या किडन्या निकामी होत चालल्या असतील तर डायलिसिस सुरू व्हायच्या आधी, शक्य तर पहिल्याच भेटीत, डॉक्टरांना विचारा: आमच्या माणसाला पोटाचं डायलिसिस चालेल का? चालत असेल तर पुढचा प्रश्न लगेच विचारा: घरी येऊन शिकवणारं कोण आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत उठू नका.